मास्तराचं घर हाय

उपासनेच्या शेवटी सगळी मंडळी 'आमेन' म्हणते, तेव्हा मी ओठातल्या ओठात भलतंच काहीतरी म्हणते, हे माझ्या नातीनं एका रविवारी पकडलं. घरी येईपर्यंत ती गप्प राहिली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आजी, तू चुकीचं म्हणतेस." मी म्हटलं, "मोठी आली मला शिकवणारी!" माझा स्वभाव मूळचाच तापट, जित्याची खोड. मग संध्याकाळी मलाच वाईट वाटलं, कारण पोरीचं काही चुकलं नव्हतं. पण माझंही चुकलं नव्हतं. ते कसं, हे तिला सांगायला बसले तर वेल्ह्याच्या डोंगरापासून सुरुवात करावी लागली. तेच इथे लिहिते आहे.

माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. आम्ही मूळचे नगरकडचे. तिकडे आमचे सगळे नातेवाईक, ख्रिस्ती मंडळीचं मोठं देऊळ, नाताळाला भजनांच्या फेऱ्या, घरात येणारं-जाणारं माणूस. तिथून बाबांची बदली झाली ती भोर संस्थानात. बरं, भोरला तरी? छे! भोरच्याही मागं, वेल्ह्याच्या अंगाला, तोरण्याच्या पायथ्यापासूनही आत एका वाडीवर. दुसरी मोठी लढाई, जर्मनीची, नुकती सुरू झाली होती. मी तेव्हा दहा वर्षांची असेन.

घर म्हणजे कुडाच्या दोन खोल्या, वर गवताचं छप्पर. एका खोलीत शाळा, दुसरीत आम्ही. वाडी ओढ्याच्या पलीकडे, आणि पावसाळ्यात ओढा भरला की वाडी तुटलीच. आमच्या डोक्यावर चढाला धनगरवाडा होता. वाडा म्हटलं तरी सात घरं, एक या सोंडेवर तर दुसरं त्या सोंडेवर, मधे दरी नाहीतर रान. गाई-म्हशी पाळायच्या, लोणी काढायचं, डोक्यावरून खाली बाजाराला न्यायचं, असं त्या लोकांचं चालायचं. ख्रिस्ती म्हणाल तर त्या सगळ्या मुलखात आम्ही तिघंच: बाबा, आई आणि मी. भोरला दोन-चार घरं होती, पण भोर म्हणजे दिवसभराची चाल.

आता आईबद्दल सांगते. माझ्या आईला एक सवय होती. काहीही होवो, ती म्हणायची, "देवाची दया." छप्पर गळायला लागलं की अंथरूण ओढत ओढत म्हणायची, "देवाची दया, हा कोपरा कोरडा आहे." घासलेट मिळेनासं झालं तेव्हा म्हणाली, "देवाची दया, लवकर झोपू." एकदा धनगरांची शेळी घरात शिरली आणि गीतांच्या पुस्तकाची निम्मी पानं तिनं खाल्ली. मी रडायच्या बेतात, बाबा डोक्याला हात लावून बसलेले, आणि आईनं काय म्हणावं? "देवाची दया, पवित्र शास्त्र फळीवर होतं!" वर म्हणते कशी, "गाणारी शेळी आहे, तिच्या दुधाला चव येईल." बाबांना हसू आवरेना. माझा मात्र तिळपापड व्हायला तेवढं पुरायचं.

मला त्या शब्दांचा राग यायचा, खरं सांगते. एकदा घरातलं पीठ संपलं, ओढा भरलेला, तर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वरईचा भात. चौथ्या दिवशी आई चुलीपाशी म्हणाली, "देवाची दया, वरईला जळण कमी लागतं." मी ताट सारलं आणि म्हटलं, "देवाची दया असती तर आपण नगरला असतो!" मला वाटलं, आता पाठीत बसणार. आईनं ताट परत पुढे केलं आणि म्हणाली, "दया नगरला राहते असं तुला कोणी सांगितलं? जेव."

ती काही भोळीभाबडी नव्हती. माझ्या आधीची दोन लेकरं तिनं नगरच्या मातीत ठेवलेली होती. जात्यावर बसली की कधी कधी ओवी मधेच थांबायची आणि नुसती घरघर ऐकू यायची, तेव्हा मी तिच्या जवळ जात नसे. जात्यावरून उठली की पदरानं तोंड पुसायची आणि परत तेच, देवाची दया. हे सगळं कळत असूनही मी तिच्यावर चिडायची. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

रोज दिवेलागणीला आमची प्रार्थना असायची. दाराशी चटई टाकायची, बाबा शास्त्रातला उतारा वाचायचे, एक गीत म्हणायचं, मग बाबा प्रार्थना करायचे. त्यांचा आवाज भारदस्त होता आणि शेवटचा शब्द ते लांबवून म्हणायचे, "आऽऽमेऽन." घर उघड्यावर, त्यामुळे तो आवाज चढापर्यंत जायचा.

आम्ही तिथे जाऊन महिनाही झाला नसेल. एका संध्याकाळी एक धनगराची म्हातारी ताकाची लोटी घेऊन खाली आली. अंगावर घोंगडी, तोंडात एक दात, हातात काठी, आणि अंगाला धुराचा अन् लोण्याचा वास. धनगरवाड्यातलं सगळ्यात खालचं घर तिचं. प्रार्थना चालली होती म्हणून ती उंबऱ्याशी टेकली. बाबांनी शेवटी "आऽऽमेऽन" म्हटलं आणि म्हातारी तत्काळ मोठ्यांदा म्हणाली, "हाय, हाय! आमी बी हाय!"

मला असं हसू फुटलं की आईनं मला चिमटा काढला. म्हातारी उठली, चढाच्या वळणावर जाऊन उभी राहिली आणि तोंडाशी हात धरून वर ओरडली, "मास्तराचं घर हाऽऽय!" वरून कुठूनतरी "हाऽऽय" असं उत्तर आलं, मग आणखी वरून, मग पलीकडच्या सोंडेवरून.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या पोरांनी बाबांना उलगडा केला. धनगरवाड्यात रीतच होती ती. दिवस मावळला, गुरं आत आली, की सगळ्यात खालच्या घरानं ओरडायचं, "आमी हाय!" मग त्याच्या वरच्यानं, मग त्याच्या वरच्यानं. शेवटचं घर एका म्हाताऱ्याचं. तो अंगणात उभा राहून बोटांवर मोजायचा. सात झाली की सगळी माणसं घरी पोचली, कोणी कड्यावरून घसरलं नाही, कोणाला वाघरानं धरलं नाही. एखादं घर बोललं नाही तर टेंभे पेटवून त्या घराकडे निघायचं. म्हातारीनं बाबांचं 'आमेन' ऐकलं आणि तिला वाटलं, हा खालचा नवा माणूस आपल्यासारखाच "आमी हाय ना" म्हणतोय. तिनं आईला सांगितलंही, "मास्तर आमी म्हंत्यात, पर हाय गिळत्यात. घाटाखालनं आल्यात का काय कुनास ठावं, वरडाय येत न्हाई." बाबांचा आवाज वरपर्यंत नीट पोचत नाही म्हणून मग रोज स्वतः खाली येऊन आमचं उत्तर वर कळवायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं.

बाबांनी तिला समजावलं. बाबा ते, समजावल्याशिवाय राहतात थोडेच! म्हणाले, "आजी, आमेन म्हणजे तसं होवो. देवापाशी जे मागितलं ते तसंच होवो, असा त्याचा अर्थ."

म्हातारीनं मान डोलावली. "व्हय व्हय. ते व्हईल तवा व्हईल, मास्तर. पर आदी मानूस हाय का न्हाई ते नगं का इचाराया?"

दुसऱ्या दिवशी बाबा 'आमेन' म्हणाले आणि म्हातारी म्हणाली, "हाय, हाय!" तिचे देव तिला होते, डोंगरावरचे, आमच्या देवाविषयी तिनं कधी काही विचारलं नाही आणि बाबांनीही तिच्यामागे लकडा लावला नाही. ती फक्त शेवटासाठी यायची. बाबांची प्रार्थना लांबली की ती सरळ म्हणायची, "मास्तर, आवरा की, वर वाट बगत्यात." आईला याची एवढी गंमत वाटायची, की 'आमेन' जवळ आलं की ती डोळे मिटल्या मिटल्याच हसायला लागायची. आम्हाला त्या डोंगरात कोणी ओळखीचं नव्हतं, आणि तरी रोज संध्याकाळी कोणीतरी आम्हाला मोजत होतं. सातची आठ घरं झाली होती.

हे असं वर्षभर तरी चाललं. शाळेतली पोरंही तेच शिकली. शाळा सुटताना प्रार्थना व्हायची आणि बाबांच्या 'आमेन'वर तीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "आमी हाऽऽय!" बाबा कानावर हात ठेवायचे, पण मनातून त्यांना ते आवडायचं.

मग चैत्रात शाळा तपासायला मिशनचे मोठे पाळकसाहेब आले. भोरपासून तट्टावर बसून आले होते, अंग आंबलेलं, चेहरा घामेजलेला. पोरांनी पाढे म्हटले, कविता म्हटल्या, सगळं छान झालं. शेवटी साहेबांनी स्वतः प्रार्थना केली, डोळे मिटून, शांतपणे. त्यांनी 'आमेन' म्हटलं मात्र, तीस पोरं गरजली. साहेब दचकून एक पाऊल मागे सरले. कुठं तोंड लपवावं असं बाबांना झालं.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. आईनं केलेला चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, "मास्तर, तुम्ही एकटे आहात इथे, समजतं मला. पण पवित्र शब्दाचा खेळ होऊ देऊ नका." बाबा नुसते "होय साहेब, होय साहेब" म्हणत राहिले. साहेबांचं तट्टू वळणाआड गेलं तरी बाबा अंगणातच उभे होते. त्यांना फार लागलं ते. आपण एकटे राहून राहून आपला धर्मच पातळ करून ठेवला की काय, असं त्यांच्या मनानं घेतलं.

त्या संध्याकाळी म्हातारी आली. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "आजी, उद्यापासून शेवटी गप्प राहा. काही बोलू नका."

"का वं मास्तर? काय चुकलं का?" ती म्हणाली.

बाबा काही बोलायच्या आत मी पुढे झाले. बाबांचा अपमान झाला तो हिच्यामुळे, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी म्हटलं, "चुकलं म्हणजे? ते आमी हाय नाही, आमेन आहे आमेन! वर्ष झालं तरी कळत नाही. अडाणी कुठली!"

आई म्हणाली, "ए!" बस, तेवढंच. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. मग लोटी उंबऱ्यात ठेवली, काठी उचलली आणि गेली. त्या दिवशी वळणावरून तिनं हाक दिली की नाही, मी ऐकलंच नाही. मी घरात तोंड फुगवून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून ती यायची थांबली. आई लोटी घासून दोनदा तिच्या घरी जाऊन आली, म्हातारीनं तिला नाचणीची भाकरी खायला घातली, पण खाली काही ती आली नाही. आमची प्रार्थना आता अगदी शुद्ध होत होती. आमेन म्हटलं की सगळं चिडीचूप.

श्रावणात आईला ताप आला. पहिले दोन दिवस ती चूल करत होती. "देवाची दया, गारठ्यात अंग गरम आहे," म्हणाली. तिसऱ्या दिवशी उठवेना. बाबांजवळ कोयनेलच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या. हिवताप असता तर उतरला असता, हा उतरेना. पाचव्या दिवशी ती नगरच्या माणसांशी बोलायला लागली, जी तिथे नव्हती. भाताच्या लावण्यांमुळे शाळा बंद, ओढा दुथडी, आणि धुकं असं उतरलेलं की अंगणातला उंबर दिसत नव्हता. आईला भोरच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण न्यायचं कसं? झोळीला माणसं हवीत, आणि माणसं होती वर, धनगरवाड्यात. बाबांनी आईला एकटं टाकून जायचं, तर ती तापात उठून बाहेर जायची. एकदा दारापर्यंत गेलीही होती. मला एकटीला त्या धुक्यात पाठवायचं, तर मी दरीत. बाबा दारापर्यंत जात आणि परत येत. सारा दिवस ते तेवढंच करत होते.

आणि मला आत एकच गोष्ट कुरतडत होती. म्हातारी रोज येत असती तर तिला पहिल्याच दिवशी कळलं असतं. वर हाक गेली असती. तिला मी हाकललं होतं. बाबांनी गप्प बसायला सांगितलं होतं, अडाणी मी म्हटलं होतं. आई मेली तर ती माझ्यामुळे मरणार, हे अकरा वर्षांच्या मुलीला जितकं स्वच्छ कळतं तितकं पुढे कधी कळत नाही.

आदल्या दोन संध्याकाळी बाबांनी मोठ्यानं प्रार्थना केलीच नव्हती, आईची झोप मोडेल म्हणून. तिसऱ्या संध्याकाळी मात्र ते दारात उभे राहिले, चटई न टाकता, शास्त्र न उघडता. बाबांची प्रार्थना नेहमी कशी बांधीव असायची, ओळीनं सगळ्यांची नावं, राजापासून रंकापर्यंत. त्या दिवशी ते फक्त म्हणाले, "प्रभो, हिला नेऊ नकोस. मी एकटा आहे इथे. मला नाही जमणार." तेच तेच म्हणत राहिले. मी त्यांचं धोतर घट्ट धरलं होतं. मी माझ्या वडलांना रडताना पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार भीती वाटली. शेवटी त्यांनी मान वर केली आणि धुक्याकडे तोंड करून ओरडलेच, "आमेन!"

आणि धुक्यातून उत्तर आलं. "हाय! आमी हाय, मास्तर! आलू, आलू!"

आधी काठी दिसली, मग घोंगडी, मग म्हातारी, तिच्यामागं इरलं पांघरलेला तिचा मुलगा. बाबा तसेच उभे. म्हातारी धापा टाकत म्हणाली, "दोन दिस झालं, तुमचं घर बोललं न्हाई. वरनं इचारनं झालं, आट का भरंनात? म्हनून आलू बगाया."

बाबा म्हणाले, "पण आजी, तुम्ही तर… मी तर तुम्हाला…"

"तुमी गप ऱ्हा म्हनला, म्या गप ऱ्हायले," म्हातारी म्हणाली. "कान झाकाय कुटं सांगितलं हुतं? वळनावनं ऐकायची की म्या रोज." आणि बाबांना बाजूला सारून ती आत आईपाशी गेली.

चार महिने. चार महिने ती म्हातारी रोज दिवेलागणीला वळणावर येऊन उभी राहत होती, बाबांचं 'आमेन' ऐकत होती आणि हळूच वर जाऊन सांगत होती, मास्तराचं घर हाय. आम्ही तिला काढून टाकलं होतं, तिनं आम्हाला मोजणीतून काढलं नव्हतं. मी तिच्या पायाशी जाऊन बसले आणि भोकाड पसरलं. ती म्हणाली, "रडाया काय झालं गं पोरी? पानी तापीव."

तांबडं फुटायला आठ गडी खाली उतरले, एकेका घरातून एकेक आणि म्हातारीच्या घरातून दोन. घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली, आईला आत निजवलं. चौघांनी खांदा द्यायचा, चौघांनी मागून चालायचं, दमले की बदलायचं. बाबांबरोबर मीही निघाले. मला मागे ठेवायची कोणाची छाती झाली नाही, इतका मी थयथयाट केला. म्हातारी खिंडीपर्यंत आली. तिथे तिनं आईच्या अंगावरची घोंगडी सारखी केली आणि मागे वळली.

झोळीचीही त्यांची एक रीत होती. खांदा बदलताना पुढचा गडी आजाऱ्याला विचारणार, "हाय का?" आजाऱ्यानं उत्तर द्यायचं. खिंड चढेपर्यंत आई दर वेळी म्हणत होती, "हाय." आवाज बारीक, पण म्हणत होती. खिंड उतरून आम्ही वेळवंडीच्या खोऱ्यात आलो. खाली भाटघर धरणाचं पाणी पसरलेलं दिसायला लागलं. तिथे खांदा बदलला. म्हातारीचा मुलगा पुढे होता. त्यानं विचारलं, "बाई, हाय का?"

आई बोलली नाही.

तो थांबला. "बाई! हाय का?" झोळीत काही हललं नाही. त्यांनी झोळी एका सपाट खडकावर टेकवली. आठही गडी एकमेकांकडे बघायला लागले, आणि एकानं डोक्यावरचं फडकं काढलं. ते मी पाहिलं. बाबा गुडघ्यावर बसले.

मी बाबांना ढकललं. खरंच ढकललं. झोळीत तोंड घातलं आणि आईच्या कानात ओरडले. काय ओरडावं ते मला कळत नव्हतं. जे आयुष्यभर ऐकून ऐकून मला चीड आली होती, तेच तोंडातून निघालं. "आई! देवाची दया! आई, देवाची दया आहे गं!"

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आईचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच, आणि ओठांच्या कडेला, मी शपथेवर सांगते, ते प्रार्थनेच्या शेवटी यायचं तसलं हसू. म्हणाली, "आमेन."

म्हातारीचा मुलगा उडालाच. "हाय! हाय म्हनती! बाई हाय रं, उचला!" आणि आठही जण एकदम ओरडले, "हाय! हाय!" झोळी उचलली ती असली उचलली की मला नि बाबांना मागे पळावं लागलं. दिवस मावळायच्या आत आम्ही भोरात होतो.

विषमज्वर होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर हातात काही उरलं नसतं. आई पाच आठवडे दवाखान्यात होती. डोक्यावरचे सगळे केस गेले. आरशात बघून म्हणाली, "देवाची दया, तेल वाचलं." मी इतकी हसले की परिचारिका रागावली.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही वर परतलो. पहिल्याच संध्याकाळी म्हातारी ताकाची लोटी घेऊन आली आणि पूर्वीच्या जागी, उंबऱ्याशी टेकली. बाबांनी वाचलं, आम्ही गीत म्हटलं, बाबांनी प्रार्थना केली, राजापासून रंकापर्यंत. मग "आऽऽमेऽन." म्हातारी तोंडावर हात ठेवून बसून राहिली. तिला गप्प राहायला सांगितलेलं होतं ना! बाबांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बघत पुन्हा म्हटलं, "आमेन, आजी."

"बोलू का?" तिनं विचारलं.

बाबा म्हणाले, "बोला. तुम्ही बोलल्याशिवाय पुरं होत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मला हाताला धरून उठवलं आणि वळणावर नेलं. म्हणाली, "आता म्हातारी झाले. तू वरड." मी तोंडाशी हात धरला आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "मास्तराचं घर हाऽऽय!" वरून एकेक घर बोलत गेलं. शेवटी अगदी वरून, मोजणाऱ्या म्हाताऱ्याचा चिरका आवाज आला. आठ भरली होती.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा आले, तेव्हा बाबांनी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. निघताना पोरांसमोर त्यांनी प्रार्थना केली आणि 'आमेन' म्हणून थांबले, पोरांची वाट बघत. पोरांनी शाळा दणाणून सोडली.

आम्ही तिथे आणखी पाच वर्षं होतो. ती धनगराची म्हातारी आजी त्यातल्या तिसऱ्या वर्षी गेली. मग नगर, मग पुणं. बाबा गेले, आई गेली. आईला निरोप देताना पाळकांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं आणि मी, बायामाणसांच्या गर्दीत, पहिल्यांदा ते दुसरं, 'आमी हाय', म्हटलं. तेव्हापासून म्हणतेच आहे.

नातीनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आजी, आता वर मोजणारं कोण आहे?"

मी म्हटलं, "अगं वेडे, म्हणून तर म्हणते. तो वरचा देव बोटांवर मोजत उभा असेल, आणि आपलं घर सुटायला नको."